दिसतो तेवढाच खर्च

संध्याकाळी बाबा खुर्चीतून उठले, भिंतीचा आधार घेत आतल्या खोलीपर्यंत गेले, तिथला दिवा बंद केला आणि तितक्याच सावकाश परत येऊन बसले. त्या खोलीतून मी नुकतीच बाहेर आले होते आणि लगेच परत जाणार होते. असे आमच्याकडे रोजच होते, त्यामुळे त्यावर कोणी काही बोलले नाही. बोलली ती माझी मुलगी. शाळेत नुकताच विजेच्या एककांचा धडा झाला होता आणि शिकलेली गोष्ट घरातल्या माणसांवर चालवून पाहण्याचे तिचे वय आहे. "आजोबा, तुम्ही आत्ता बंद केलात तो दिवा ९ वॅटचा आहे. न्हाणीघरातला गीझर २००० वॅटचा आहे आणि तो मघापासून चालू आहे," असे म्हणून तिने पुढचे गणित वहीत मांडले आणि वही त्यांच्यासमोर धरली. बाबांनी ते वरपासून खालपर्यंत वाचले, चष्मा काढला, "बरोबर आहे तुझे," असे म्हणाले आणि गप्प बसले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

गणितात खोट नव्हती. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण ६१० वॅट-तास वीज लागते, आणि तेवढ्या विजेवर तो ९ वॅटचा दिवा जवळजवळ तीन दिवस अखंड जळतो. म्हणजे बाबांनी भिंत धरत केलेल्या त्या फेरीची किंमत गरम पाण्याच्या पहिल्या दोन-तीन तांब्यांतच फिटून जाते. तरीही त्या वहीतल्या उत्तराने मला कित्येक दिवस अस्वस्थ ठेवले, कारण बाबांचेही गणित चुकलेले नव्हते. ते फक्त वेगळ्या काळात केलेले होते, आणि तेव्हा ते इतके अचूक होते की पुन्हा करून पाहण्याची गरज त्यांना आयुष्यभर भासली नाही.

बाबांच्या उमेदीच्या काळातला दिवा म्हणजे काचेच्या फुग्यातली तापून पांढरी झालेली तार. तिला दिलेल्या विजेपैकी शेकडा पाचच्या आसपास भाग प्रकाश होऊन बाहेर पडे आणि उरलेली सगळी वीज उष्णता होऊन खोलीत पसरे. तो दिवा चालू आहे हे डोळे मिटूनही कळत असे. त्याच्याखाली बसून अभ्यास करताना डोक्याचा माथा तापत असे, काचेवर बसलेल्या धुळीचा करपट वास खोलीत रेंगाळत असे, आणि दिवा गेला म्हणून काढायला हात लावला की बोटे चटकन मागे येत. चार खोल्यांत असे १०० वॅटचे चार दिवे संध्याकाळी पाच तास चालू राहिले की दोन युनिटे, म्हणजे दोन हजार वॅट-तास, संपली. घरात बाकी फारशी उपकरणेही नव्हती. त्यामुळे विजेचे बिल म्हणजे मुख्यतः दिव्यांचे बिल होते, आणि ज्या खोलीत माणूस नाही त्या खोलीतला दिवा बंद करणे हा त्या बिलावरचा सर्वांत सोपा आणि सर्वांत परिणामकारक उपाय होता. बाबा तो उपाय करत आणि त्यांचे पाहून आम्हीही करत असू. खोलीतून बाहेर पडताना हात आपोआप बटणाकडे जाणे हा आमच्या वाढण्याचा भाग होता, आणि ते कोणी मुद्दाम शिकवल्याचे मला आठवतही नाही.

मग तो दिवाच बदलला. तांबड्या आणि हिरव्या रंगाचे एलईडी १९६०च्या दशकापासून होते, पण निळा साधत नव्हता आणि निळ्याशिवाय पांढरा प्रकाश बनत नव्हता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो साधला, आणि त्यासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधाने चार खोल्यांतल्या दोन युनिटांचे काम आता पाव युनिटाच्या आसपास भागते. घरगुती खर्चातली इतकी मोठी बाब इतक्या गुपचूप आटल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

हात मात्र अजून त्याच बटणाकडे जातो.

आणि तो केवळ बाबांचाच जातो असे नाही. २०१० साली शाहझीन अत्तारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ५०५ लोकांना विचारले की ऊर्जा वाचवायची तर सर्वांत परिणामकारक असे तुम्ही काय कराल. सर्वाधिक लोकांनी दिलेले उत्तर होते दिवे बंद करणे. वेगवेगळ्या उपकरणांच्या खर्चाचा अंदाज विचारला तेव्हा लोकांनी तो सरासरीने प्रत्यक्षाच्या २.८ पट कमी सांगितला, आणि त्यातही छोट्या उपकरणांचा अंदाज किंचित जास्त तर मोठ्यांचा फारच कमी होता. हा आकडा वाचल्यावर मला अज्ञानापेक्षा डोळ्यांचा विचार आधी सुचला. दिवा स्वतःच स्वतःची जाहिरात करतो. तो चालू आहे हे दाराबाहेरूनही दिसते. उष्णता भिंतीमागच्या टाकीत असते, नळीत असते, यंत्राच्या पोटात असते, आणि तिची खूण म्हणून एखादा तांबडा ठिपका तेवढा बाहेर असतो. आपण जे पाहू शकतो त्याचीच काटकसर करतो, आणि बिल मात्र बहुतेक वेळा तिथून येते जिथे आपली नजर जात नाही.

पाणी तापवणे हे किती मोठे काम आहे हे समजून घ्यायला मला वॅट-तासांपेक्षा माणसाच्या श्रमांचा हिशेब जास्त उपयोगी पडला. अंगमेहनत करणारा धडधाकट माणूस सलग काम करत राहिला तर साधारण ७५ वॅट शक्ती देऊ शकतो. आठ तास राबला तर ६०० वॅट-तास. म्हणजे वर सांगितलेले १५ लिटर पाणी तापवण्यासाठी लागलेली वीज ही एका माणसाच्या एका संपूर्ण दिवसाच्या कष्टांएवढी असते, आणि आपण ती अंगावर ओतून काही मिनिटांत मोरीतून वाहू देतो. त्याच विजेने एक टनाचे वजन सव्वादोनशे मीटर उंच उचलता आले असते. पाण्याचा स्वभावच असा आहे की ते उष्णता भरपूर घेते आणि तापताना मागणी कमी करत नाही. एक लिटर पाणी, एक अंश, १.१६ वॅट-तास. यात कोणत्याही कंपनीची कार्यक्षमता किंवा कोणतेही तारांकित लेबल काही बदल करू शकत नाही. फार तर उष्णता बाहेरच्या हवेतून उचलून आणणारा हीट पंप बसवता येतो, आणि तो एका युनिटात सुमारे तीन युनिटांची उष्णता देतो. पण तो नसेल तर बचतीच्या जागा मोजक्याच राहतात. पाणी कमी तापवावे, कमी पाणी तापवावे, किंवा तापवलेले पाणी वापरण्याआधी थंड होऊ देऊ नये.

यातली पहिली जागा दिसते तितकी मोकळी नाही. साठवणीच्या टाकीत पाणी कोमट ठेवले तर न्यूमोनियासारखा आजार करणाऱ्या लिजिओनेला जातीच्या जिवाणूंना वाढायला पोषक परिस्थिती मिळते, म्हणून टाकीचे तापमान ६० अंशांच्या आसपास ठेवण्याचा सल्ला दिला जातो. बचतीच्या उत्साहात थर्मोस्टॅट पार खाली आणणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. त्यापेक्षा तिसरी जागा अधिक मोलाची आहे आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. गीझरपासून नळापर्यंत आतून १५ मिलिमीटर व्यासाची दहा मीटर नळी असेल तर तिच्यात पावणेदोन लिटर पाणी मावते. सकाळी नळ उघडला की आधी ते थंड पाणी बाहेर येते आणि आपण हात धरून ऊन पाण्याची वाट पाहत ते वाहू देतो. हात धुऊन झाले की तितकेच तापलेले पाणी त्याच नळीत मागे राहते आणि भिंत तापवत थंड होते. म्हणजे चार ओंजळी पाण्यासाठी आपण पावणेदोन लिटर फुकट सांडले आणि पावणेदोन लिटर फुकट तापवले. पाण्याचे बिल आणि विजेचे बिल वेगवेगळ्या पाकिटांतून येतात म्हणून आपण त्यांना वेगळे समजतो. गरम पाण्याचा प्रत्येक लिटर मात्र दोन्ही पाकिटांत बसलेला असतो, आणि म्हणून घरातली पहिली काटकसर तिथूनच सुरू व्हावी असे माझे मत आहे.

स्वयंपाकघरातही हीच उष्णता दुसऱ्या रूपात उधळली जाते. समुद्रसपाटीला उकळते पाणी १०० अंशांवर थांबते आणि त्यानंतर आच कितीही मोठी केली तरी ते अधिक तापत नाही, त्यामुळे भांड्यातला पदार्थही लवकर शिजत नाही. वाढवलेल्या आचेची फक्त वाफ होते. ती वाफ करणे हे फार खर्चिक काम आहे, कारण शून्य अंशाचे पाणी उकळीपर्यंत नेण्यास जितकी उष्णता लागते तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता तेच पाणी वाफ होऊन उडून जाताना घेऊन जाते. झाकण ठेवणे आणि उकळी आली की आच बारीक करणे, एवढ्या दोन गोष्टींत ते सगळे आले. पण धडधडून उकळणारे भांडे आणि खिडकीच्या काचांवर जमलेली वाफ पाहिली की घरात काहीतरी चालले आहे असे वाटते, आणि बारीक आचेवर गुपचूप शिजणारे भांडे पाहिले की काम रखडले आहे असे वाटते. मलाही वाटते. कपडे धुण्याच्या यंत्राची गोष्ट तीच आहे. जे यंत्र पाणी स्वतः तापवते त्याची बहुतेक वीज पिंप फिरवण्यात नाही तर पाणी तापवण्यात जाते, त्यामुळे ६० ऐवजी ३० अंशांवर धुतले की त्या विजेचा मोठा भाग वाचतो. कपडे धुण्याचा आवाज दोन्ही वेळा सारखाच येतो.

आवाजावरून पाण्याकडे येते. रात्री घर शांत झाल्यावर नळाची टपटप ऐकू येऊ लागते आणि एकदा ती ऐकू आली की झोप येत नाही. मग आपण उठतो, नळ घट्ट पिळतो, खाली फडके टाकतो, दुसऱ्या दिवशी वायसर बदलून घेतो. या टपटपीचे मोजमाप करून पाहावे. सेकंदाला एक थेंब आणि थेंब चांगला मोठा, पाव मिलिलिटरचा धरला, तरी दिवसाला साडेएकवीस लिटर होतात. हे थोडे नाही. पण फ्लशच्या टाकीतली आतली झडप नीट बसत नसेल तर तिथून मिनिटाला केवळ १०० मिलिलिटर पाणी भांड्याच्या कडेने खाली सरकते, त्याचा आवाज होत नाही, त्याची धार दिसत नाही, आणि दिवसाला १४४ लिटर जातात. २०१८च्या फेब्रुवारीत केप टाउन शहराने पाणी संपण्याच्या भीतीने माणशी दिवसाला ५० लिटरांची मर्यादा घातली होती. त्या मर्यादेत राहणाऱ्या जवळजवळ तीन माणसांचे पाणी एक नादुरुस्त झडप एकटी पिऊन टाकते, आणि घरातल्या कोणाचीही झोप मोडत नाही.

तिला पकडण्याची युक्ती जुनी आहे आणि ती करताना मला लहान मुलासारखी मौज वाटते. टाकीचे झाकण उचलून आतल्या पाण्यात खाण्याच्या रंगाचे काही थेंब सोडायचे, फ्लश न ओढता पंधरा-वीस मिनिटे थांबायचे, आणि मग भांड्यात डोकावायचे. रंग खाली उतरलेला दिसला की चोरी उघड झाली. संपूर्ण घराची परीक्षा घ्यायची असेल तर सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचे आकडे लिहून ठेवावेत आणि तास-दोन तासांनी पुन्हा पाहावेत. कोणी पाणी वापरले नसताना आकडा हलला असेल तर ते पाणी कुठेतरी गेलेच आहे. शॉवरची परीक्षा तर घड्याळ आणि बादली घेऊन एका मिनिटात होते. जुन्या शॉवरमधून मिनिटाला १५ लिटर सहज पडतात, हवा मिसळणारे नवे तोंड बसवले तर ९ किंवा त्याहून कमी लिटरांत अंगाला तेवढेच पाणी लागल्यासारखे वाटते. जुन्या फ्लशला एका वेळी १३ लिटर लागत, आताच्या दुहेरी बटणाच्या टाकीला ६ आणि ३ पुरतात. यातले काहीही रोज आठवण ठेवून करावे लागत नाही. एकदा केले की ते घराच्या वतीने काम करत राहते, आणि मला या जातीची बचत अधिक आवडते, कारण तिच्यात कोणाला टोकावे लागत नाही.

टोकण्याबद्दल मला थोडे अधिक बोलायचे आहे. घरातली काटकसर बहुधा आज्ञार्थात बोलते. बंद कर, कमी कर, किती वेळ झाला, अजून झाले नाही का. आणि ती जवळजवळ नेहमी दुसऱ्याच्या वापराविषयी असते. ज्याला उकडत नाही तो पंखा बंद करायला सांगतो, ज्याची आंघोळ झाली आहे तो न्हाणीघराच्या दारावर टकटक करतो. यात पैशांचा प्रश्न किती आणि घरात कोणाचा शब्द चालतो हा प्रश्न किती, हे वेगळे करता येत नाही. बाबा दिवा बंद करायला उठत तेव्हा त्यांची बचत त्यांच्या स्वतःच्या पायांनी होत असे, ते कोणाला सांगत नसत, हे मला त्या वहीच्या प्रसंगानंतर लक्षात आले. मुलीच्या गणिताने त्यांना काय लागले असेल याचा विचार करताना मला असे वाटते की पैशांच्या आकड्यापेक्षा, या घरासाठी आपण अजूनही काही करतो आहोत ही भावना तिथे उणे झाली असावी. अर्थात हा माझा तर्क आहे. त्यांना विचारले तर ते "काही नाही" म्हणतील.

माणसांच्या सवयींचा खर्चावर परिणाम होतो हे मात्र तर्कापुरते नाही. १९७०च्या दशकात न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स या वसाहतीत रॉबर्ट सोकोलो आणि प्रिन्स्टन विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच नकाशाच्या, एकाच बांधणीच्या घरांचा अभ्यास केला. भिंती त्याच, खिडक्या त्याच, हवामान तेच, तरी घरे उबदार ठेवण्याच्या ऊर्जेत दुपटीहून अधिक फरक आढळला, आणि एका घरातून एक कुटुंब जाऊन दुसरे आले की त्या घराचा खर्च नव्या माणसांप्रमाणे बदलला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस इथल्या एका प्रयोगात कुटुंबांना त्यांचा वापर आणि शेजाऱ्यांची सरासरी कळवण्यात आली. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला हे अपेक्षितच होते, पण जे आधीच सरासरीखाली होते त्यांचा वापर वाढला. आपण उगीच ताणून धरले होते, थोडे सैल सोडायला हरकत नाही, असे त्यांना वाटले असावे. मग त्यांच्या पत्रकावर शाबासकी म्हणून एक हसरा चेहरा छापला, आणि वाढ थांबली. हे वाचून मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. आमच्या घरात काटकसर करणाऱ्याला असा चेहरा कोणी कधी काढून दिलेला नाही.

रात्री सगळे झोपल्यावर मी अधूनमधून विजेच्या मीटरसमोर जाऊन उभी राहते. जुन्या मीटरमध्ये एक ॲल्युमिनिअमची तबकडी फिरत असे आणि तिच्यावरची काळी खूण काचेमागून जाताना दिसे. त्या पद्धतीचा मीटर हंगेरीतल्या ओट्टो ब्लाथी यांनी १८८९ साली बनवला होता. त्याआधी एडिसनच्या ग्राहकांच्या घरी जस्ताच्या पट्ट्या द्रावणात बुडवून ठेवत आणि महिन्याच्या शेवटी त्यांचे वजन करून बिल ठरवत, म्हणजे वीज शब्दशः तोलून विकली जाई. आताच्या मीटरवर एक बारीक दिवा लुकलुकतो आणि एका युनिटामागे तो किती वेळा लुकलुकणार हे त्याच्याच अंगावर छापलेले असते. समजा ३२०० छापले आहे आणि दोन लुकलुकींमध्ये साधारण दहा सेकंद जातात, तर सगळे झोपलेले असतानाही घर ११० वॅटच्या आसपास ओढते आहे. फ्रिज मध्येच सुरू होतो आणि लुकलुक वेगाने होऊ लागते, त्याची घरघर थांबली की पुन्हा मंदावते. उरते ती वीज नुसत्या वाट पाहणाऱ्या यंत्रांची. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ साली असा प्रस्ताव मांडला होता की झोपेतल्या कोणत्याही उपकरणाने एका वॅटपेक्षा जास्त घेऊ नये. एक वॅट वर्षभर म्हणजे पावणेनऊ युनिटे. अशी जुनी, पाच-पाच वॅट पिणारी यंत्रे घरात चार-पाच असतील तर तो आकडा सहज दोनशे युनिटांपर्यंत जातो. मोबाइलचा रिकामा चार्जर मात्र यात जवळपास नगण्य आहे, आणि घरोघरी टोकले जाते ते नेमके त्याच्यावरून, कारण तो डोळ्यांसमोर भिंतीत खोचलेला असतो.

स्वस्त झालेल्या गोष्टीचे काय होते हेही त्या मीटरसमोर उभे राहून कळते. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच सांगितले होते की वाफेची इंजिने कमी कोळशात जास्त काम करू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप घटला नाही, वाढला. आमच्या घरात दिवे नऊ वॅटचे झाले तेव्हा सज्जातही एक आला, कपाटाच्या आतही आला, आरशाच्या भोवती तर एक संपूर्ण पट्टी आली. नवा, कमी वीज खाणारा फ्रिज घेणाऱ्या कित्येक घरांत जुना फ्रिज टाकवत नाही म्हणून दुसऱ्या खोलीत थंड बाटल्यांसाठी चालूच राहतो, आणि बचत करायला आणलेल्या यंत्राने बिल वाढवलेले असते. पंखा खोली थंड करत नाही, तो फक्त माणसाच्या अंगावरचा घाम उडवतो, त्यामुळे रिकाम्या खोलीतला पंखा म्हणजे निव्वळ खर्च. हे सगळ्यांना सांगून झाले आहे, आणि तरी दुपारी रिकाम्या खोलीत तो फिरत असतो, कारण परत आल्यावर हवा लागलेली असावी असे प्रत्येकाला वाटते.

गीझरचे आम्ही काय केले हे सांगायला हवे. त्याला वेळ लावून चालू-बंद होणारे बटण बसवले, उघडी नळी होती तिथे फोमचे वेष्टन घातले, शॉवरचे तोंड बदलले, आणि फ्लशच्या झडपेची रबरी चकती नवी टाकली. बाबांच्या आंघोळीच्या पाण्याला मात्र कोणी हात लावला नाही. या वयात त्यांना थंडी लवकर वाजते आणि ऊन पाण्याने पाठ शेकली की त्यांचा दिवस बरा जातो. वहीतल्या गणिताने घरातली सर्वांत मोठी बचत नेमकी तिथेच दाखवली होती. मुलीनेही ते पाहिले आणि काही म्हटले नाही, यावरून तिचे गणित चांगले आहे एवढेच नव्हे तर आणखीही काही चांगले आहे असे मी मनाशी म्हटले.

त्यानंतरचे बिल कमी आले. सगळ्यांनी ते हातात घेऊन पाहिले आणि गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी ताडून पाहिले. बिलातला स्थिर आकार हलला नव्हताच, तो कितीही वाचवले तरी हलत नाही, पण युनिटे खरोखर घटली होती. आता ती कशाने घटली हे ठरवायला हवे होते. मुलीचे म्हणणे गीझरच्या बटणाने. बाबांचे म्हणणे दिव्यांमुळे, आणि ते हे गंभीर चेहऱ्याने म्हणतात. मला आठवते की गेल्या वर्षी याच महिन्यात कडाक्याची थंडी होती, नळाचे पाणी बोटांना झोंबत होते, आणि या वर्षी ती नाही. नळाला येणारे पाणीच सहा-सात अंशांनी कमी थंड असेल तर ते तापवायला तितकीच कमी वीज लागणार, त्यात आमचा पराक्रम कुठला. रोजच्या तापमानाची नोंद ठेवून वापर त्याच्याशी पडताळल्याशिवाय हे वेगळे करता येणार नाही, आणि तशी नोंद गेल्या वर्षी कोणी ठेवलेली नाही. त्यामुळे कमी आलेल्या बिलाचे श्रेय कोणाचे हा वाद आमच्या घरात अजून चालू आहे, आणि त्यात हवामानाची बाजू मांडणारी मी एकटीच आहे.